पोरीचं ऑडिशन अन् आपला जीव टांगणीला: नाटक-गाण्याच्या कॉलेजात पोरं पाठवणाऱ्या आईबापांसाठी

आमचं गाव गडचिरोलीतल्या वडशाजवळ, धानपट्ट्यात, या भागाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, अन् मंडई आली की नाटक आलंच, रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत. माझी पोरगी या नाटकांतच मोठी झाली. सातवीत असताना एक गाणं म्हणायला स्टेजवर चढली ती उतरलीच नाही. बारावीनंतर म्हणाली, आई मला हेच शिकायचं आहे, कॉलेजात जाऊन शिकायचं आहे. तिथून पुढची दोन वर्षं आमच्या घरात जे टेन्शन होतं ते डॉक्टरकीची परीक्षा देणाऱ्या घरापेक्षा कमी नव्हतं, उलट जास्तच, कारण त्या पोरांना लोक निदान धीर देतात, आमच्या पोरीला सगळे विचारायचे, "मंग याच्यात नोकरी कोनती लागन?"

पहिल्या वर्षी पुण्याला प्रयत्न केला, नाही झालं. दुसऱ्या वर्षी छत्तीसगडच्या खैरागडला गायनाच्या पदवीला नंबर लागला. आता ती शेवटच्या वर्षाला आहे अन् पुढे दिल्लीच्या एनएसडीचा, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, फॉर्म भरायचं म्हणते, म्हणजे आमची पुन्हा तीच वारी. यावेळी मात्र मला बरंच कळलं आहे. सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे ऑडिशन तिचं होतं अन् मी ते माझंच समजून बसले होते. आपल्या हातात कागद, पैसा, प्रवास, जेवण-झोप अन् आपलं तोंड एवढंच असते. तेवढंच कसं सांभाळायचं ते सविस्तर लिहिते, कारण आमच्या वेळी हे सांगणारं गावात कोणी नव्हतं.

१. आधी वाटा किती आहेत ते मोजा, अर्धी भीती तिथंच उतरते

आमची पहिली चूक ही की एकच कॉलेज डोक्यात घेतलं. एकच दार दिसलं की ते बंद होण्याची भीती मोठी होते. म्हणून पोरासोबत बसून कागदावर यादी करा.

दिल्लीची एनएसडी १९५९ मध्ये सुरू झालेली, तीन वर्षांचा कोर्स, सगळ्या देशातून ३२ पोरं घेतात. इथं लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की बारावीनंतर लगेच तिथं जाता येते, तसं नाही, पदवी लागते अन् निदान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा लागते. वयाची अट तिशीपर्यंत आहे. हे मला पहिल्याच वर्षी माहीत असतं तर "आता नाही तर कधीच नाही" असं पोरीच्या मागे लागले नसते. वेळ आहे हो, भरपूर वेळ आहे.

बारावीनंतर लगेच जायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथं नाटक, संगीत, नृत्य तिन्हीत बीए होते. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी आहे, एमए करता येते. वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठातही प्रदर्शनकारी कला विभाग आहे, आपल्या विदर्भातच, पण आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना ते माहीतच नाही. भोपाळला मध्य प्रदेश नाट्य विद्यालय आहे, २०११ पासूनचं, बाहेरच्या राज्यातल्यांना किती जागा ते आधी पाहून घ्या. लखनौला भारतेंदु नाट्य अकादमी आहे.

अन् खैरागड. गोंदिया-भंडारा-गडचिरोलीवाल्यांनी हे नाव भिंतीवर लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटते. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय, १९५६ चं, तिथल्या राजाराणीनं आपला राजवाडा कलेच्या शिक्षणासाठी देऊन टाकला अन् मुलीच्या नावानं विद्यापीठ उभं राहिलं. छत्तीसगडमध्ये असलं तरी आम्हाला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. गोंदियावरून गाडीनं डोंगरगड नाहीतर राजनांदगाव, पुढे बस. डोंगरगडच्या बम्लेश्वरी देवीच्या दर्शनाला आपण जातो तोच रस्ता. इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेलो पण पुढे काही अंतरावर गाण्याचं आख्खं विद्यापीठ आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

यादीत तीन-चार नावं झाली की शेवटी एक ओळ लिहा, "यातलं काहीच नाही झालं तर?" आमच्या यादीत होतं, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातून साधं बीए, सोबत गाण्याच्या परीक्षा अन् हंगामात नाटक. पदवी तर एनएसडीलाही लागतेच, म्हणजे ते वर्ष वाया जात नाही. ही ओळ लिहिली त्या रात्री आमचे हे पहिल्यांदा शांत झोपले.

२. कागदं, हे काम पूर्ण आपलं

पोरानं तयारी करावी, कागदं आईबापानं करावी, अशी सरळ वाटणी करा. आमच्या पहिल्या वर्षीच्या टेन्शनपैकी निम्मं कागदांचं होतं.

नॉन क्रिमिलेयरचं सांगते. आपण काढतो ते राज्याच्या नमुन्यातलं असते. केंद्राच्या संस्थेला, म्हणजे एनएसडी किंवा सिनेमा शिकवणारं पुण्याचं एफटीआयआय, केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागते, ते वेगळं असते. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते पण बघावं लागते, अन् तारीख चालू आर्थिक वर्षाची पाहिजे. आम्ही एका ठिकाणी तीन चकरा मारल्या तरी दरवेळी राज्याचाच नमुना हातात आला, चौथ्यांदा केंद्राच्या फॉर्मची प्रिंटच सोबत घेऊन गेलो तेव्हा काम झालं. तुम्ही पहिल्याच चकरेला प्रिंट न्या. आणखी एक, दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठात आपलं महाराष्ट्राचं जातीचं प्रमाणपत्र आरक्षणासाठी सहसा चालत नाही, तिथं खुल्या जागेतून धरून चाला म्हणजे नंतर धक्का बसत नाही.

जात वैधता, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, हे दिवाळीनंतरच काढायला टाका. वैधतेला महिने जातात. मे महिन्यात सेतू केंद्रावर जी गर्दी असते तिच्यात उभं राहून पोराशी गोड बोलणं कोणाच्यानंच होत नाही.

आता झाडीपट्टीवाल्यांची खास अडचण. आपल्या पोरांनी नाटकं पन्नास केलेली असतात, पुरावा एकाचाही नसतो. दूरच्या शहरातली पोरगी कॉलेजच्या चार एकांकिकांची सर्टिफिकेटं प्लास्टिकमध्ये घालून आणते अन् आपली पोरगी दोन हंगाम रात्र-रात्र जागून रिकाम्या हातानं उभी. म्हणून आजपासून हे करा: प्रत्येक नाटकानंतर नाटक कंपनीच्या लेटरहेडवर दिग्दर्शकाच्या सहीचं पत्र घ्या, त्यात नाटकाचं नाव, गाव, तारीख, भूमिका हे चारही पाहिजे. नाटकाचं पॅम्प्लेट जपून ठेवा, त्यावर पोराचं नाव असते, तो चांगला पुरावा. स्टेजवरचे दोन फोटो अन् एक व्हिडिओ. वडशात कंपन्यांची ऑफिसं आहेत, हंगामात त्यांना मरायला फुरसत नसते, होळी झाल्यावर जा, निवांत देतात. राज्य नाट्य स्पर्धा नागपूर-चंद्रपूरला होतात, विद्यापीठाचा युवा महोत्सव असतो, त्यांची सर्टिफिकेटं पण फायलीत.

गाणारी-वाजवणारी पोरं असतील तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा चालू ठेवा, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत्या. तालुक्याला केंद्र नसेल तर जिल्ह्याला चौकशी करा.

३. पैशाचं आधीच बोलून घ्या, पोरासमोर, एकदाच

ऑडिशनं मे-जून-जुलैत येतात अन् नेमका तोच आपला बियाणं-खत-रोवणीचा वेळ. घरातला सगळा पैसा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जात असते. मग फॉर्मचे हजार रुपये निघाले की बापाचा चेहरा उतरते, पोर ते पाहते, अन् मनात धरते की आपल्यामुळे घर अडचणीत आहे. अशा मनानं कोणी गाऊ शकते का?

आम्हाला पुण्याच्या एका फेरीला दोघींचे मिळून साधारण ६,५०० रुपये लागले, स्लीपरचं जाणं-येणं, दोन रात्री लॉज, जेवण, रिक्षा, फॉर्म. दुसऱ्या वर्षी आम्ही काय केलं, धान विकला त्याच दिवशी १५,००० बाजूला काढले, पोरीला दाखवले अन् सांगितलं, "हा तुह्या परीक्षेचा पैसा. याच्यात जेवढं बसते तेवढ्या जागी जाऊ. संपला की या वर्षीचं संपलं." त्यानंतर पैशाचा विषय पुन्हा निघाला नाही. यासाठी सावकाराकडून उचलू नका, अन् पीक कर्जातले तर अजिबात नाही.

मदत कुठून मिळते तेही बघा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयाला, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं, सगळ्या देशात ४०० जणांना, त्यात नाटक, शास्त्रीय संगीत, लोककला सगळं येते. दंडार-खडी गंमत या आपल्याकडच्या लोककला करणाऱ्या पोरांनीही भरावी, भरतच नाही कोणी. बाहेरगावी राहण्यासाठी एससीला स्वाधार, एसटीला स्वयम्, ओबीसीला आधार योजना आहेत. आपला कोर्स अन् गाव त्यात बसते का ते समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयात ॲडमिशनच्या आधी विचारा, नंतर नाही.

४. तयारीत आपण किती घुसायचं

मला नाटकातलं काही कळत नाही पण मी रोज विचारायची, पाठ झालं का, झालं का. ते विचारणं तयारी नसते, ती आपली भीती असते.

खरी मदत वेगळी आहे. आपल्या नाटकात प्रॉम्प्टर असते, पोरांना सवय असते की विंगेतून ओळ येईल. ऑडिशनला विंग नाही, प्रॉम्प्टर नाही, समोर टेबल अन् चार-पाच जण. त्यामुळे उतारा झोपेतून उठवलं तरी आला पाहिजे. आमच्या पोरीला भाकरी थापता थापता, धुणं वाळत घालता घालता म्हणायला लावलं, मी फक्त कागद धरून ऐकायची, अडली तरी मी ओळ द्यायची नाही, तिनंच शोधायची. पहिल्या आठवड्यात रडली. तिसऱ्या आठवड्यात एकदाही अडली नाही.

दुसरं म्हणजे आवाज. हजार-दोन हजार माणसाच्या मंडपात बोलायची सवय असलेलं पोर छोट्या खोलीत तसंच बोलते अन् समोरच्याच्या कानठळ्या बसतात. घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, दार लावून, दोन हातावर बसलेल्या माणसाला बोलल्यासारखं म्हणायला लावा. माणूस म्हणून आजीला बसवा, आजीसारखं ऐकणारं कोणी नाही.

भाषेचं. आपल्या बोलीत ण चा न होते, पोरं त्याला लाजतात. लाजू नका म्हणावं. बोली ही आपली कमाई आहे, परशुराम खुणे यांना याच झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी २०२३ ला पद्मश्री मिळाली. पण हिंदी उतारा म्हणायचा तर हिंदी शुद्ध पाहिजे, त्यासाठी रोज वीस मिनिटं हिंदी पेपर मोठ्यानं वाचायचा, बस.

शिकवणारे गुरुजी, कंपनीतले जुने नट, हे काय सुधारायचं ते सांगतील. आपण अभिनय शिकवायला जाऊ नका. दोन गुरू झाले की पोर गोंधळते.

५. लोकांची तोंडं

हे टेन्शन मला सगळ्यात जास्त झालं, खरं सांगते. नाटक पाहायला आख्खं गाव पुढच्या रांगेत, अन् पोरगी नाटक शिकते म्हटलं की तेच लोक नाक मुरडतात. मुलगी असली तर लग्नाचं काढतात. माझ्या नणदेनं तर पोरीसमोरच म्हटलं, "नाचायले कॉलेज कायले लागते वो?" पोरगी दोन दिवस जेवली नाही.

मी शेवटी एक वाक्य ठरवून ठेवलं, "ते विद्यापीठ आहे, पदवी भेटते, अन् तिले आवडते." एवढंच, वाद नाही. उत्तर पोराला द्यायला लावू नका, आपण द्या, पोरासमोर द्या. आपली आई आपल्या बाजूनं बोलली हे पोर विसरत नाही. आणखी एक, कोणत्या तारखेला ऑडिशन आहे हे गावभर सांगू नका. नाहीतर परत आल्यावर किराणा दुकानापासून घरापर्यंत सात जण "काय झालं मंग" विचारतात.

६. प्रवास आणि तो दिवस

तारीख पुष्कळदा उशिरा कळते, रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडते त्याचा उपयोग होत नाही. तात्काळचं लक्षात ठेवा, स्लीपरचं आदल्या दिवशी सकाळी ११ ला उघडते. पुण्याला गोंदियावरून महाराष्ट्र एक्सप्रेस, आझाद हिंद जाते, दिल्लीला गोंडवाना, छत्तीसगड. नागपूरवरून आणखी पुष्कळ. एसटीत बायांना अर्ध तिकीट आहे. एनएसडीची पहिली फेरी वेगवेगळ्या शहरांत होते, यादीत भोपाळ असेल तर आपल्याला मुंबईपेक्षा ते सोपं, अन् त्यात निवड झाली तर पुढे दिल्लीला काही दिवसांचं वर्कशॉप असते, त्याचा खर्च बाजूला ठेवूनच चाला. ऑडिशनच्या दिवशी सकाळी पोहोचायचं असं कधीच करू नका, एक रात्र आधी पोहोचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, दुपारच्या गाडीनं जनरल डब्यात गेलेल्या पोराचा घसा ऑडिशनपर्यंत बसलेला असते.

पहिल्या वर्षी गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर रात्री आम्ही बसलो होतो, ती बॅगेवर डोकं टेकून डोळे मिटून ओठातल्या ओठात उतारा म्हणत होती, एका हाताची बोटं मांडीवर ताल धरत होती. मी विचारलं, पाठ आहे न? ती हो म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मग डबा उघडून विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा बोटं थांबली. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, अन् पुण्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. ती थांबलेली बोटं मला अजून दिसतात.

म्हणून आता माझा नियम आहे, घराबाहेर पाऊल टाकलं की परीक्षेचा विषय आपण काढायचा नाही. तिनं काढला तर ऐकायचं. बोलायचंच असेल तर पाणी पे, झोप, खाऊन घे, एवढंच. सोबत घरचं जेवण न्या, भाकरी, चटणी, सातूचं पीठ, बाहेरचं तेलकट अन् थंड काही नको. मूळ कागदांची फाईल आपल्या खांद्यावर, पोराच्या नाही. दारापर्यंत जा, मग दूर एखाद्या झाडाखाली जाऊन बसा. दारातच उभं राहून आत डोकावणाऱ्या आईकडे सगळी पोरं पाहतात अन् आपलं पोर मान खाली घालते.

तिथं बाकीचे आईबाप भेटतील, गाडीनं आलेले, पोराला लहानपणापासून क्लास लावलेले. त्यांच्याशी तुलना करत बसलात तर तिथंच खचाल. मी एका बाईशी बोलले, मोठ्या शहरातली होती, तिचेही हात थरथरत होते. आम्ही दोघींनी मिळून चहा घेतला.

पोर बाहेर आलं की पहिला प्रश्न "कसं झालं" नको. "भूक लागली का?" हा प्रश्न बरा. बाकीचं ते स्वतःच सांगते, गाडीत, अर्ध्या रात्री, आपण झोपेला आलो असताना. तेव्हा मात्र जागं राहून ऐका.

७. निकाल कसा बघायचा ते निकालाच्या आधी ठरवा

पहिल्या वर्षीचा निकाल आम्ही धानाच्या रोवणीत पाहिला. चिखलात गुडघाभर, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, रेंज फक्त धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. ती धुऱ्यावर उभी राहून यादी वर-खाली करत होती, आम्ही सगळ्या बाया वाकलेल्याच पण रोवणाऱ्या हातांचा वेग कमी झालेला. तिनं फोन परत पिशवीत घातला, गाठ मारली, पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी उचलली अन् रांगेत येऊन उभी राहिली. दहा-बारा बायांसमोर तिला रडताही आलं नाही.

ही चूक करू नका. निकालाची तारीख असेल त्या दिवशी पोराला कामावर नेऊ नका. घरात, एकटं पाहायचं की आपल्यासोबत ते त्यालाच विचारा. नातेवाइकांना कळवायचं काम आपलं, अन् तेही दुसऱ्या दिवशी.

नाही झालं तर दोन दिवस काहीच बोलू नका. "जाऊ दे", "नशीब", "मी म्हटलंच होतं", "पुढच्या वर्षी पक्कं", यातलं एकही नाही. खायला द्या, झोपू द्या. आठवडाभरानं ती यादी काढा, शेवटची ओळ वाचा, तिचा फॉर्म भरा. वेटिंगमध्ये असेल तर रोज वेबसाईट आपण बघा, पोराला रोज बघायला लावू नका. अन् त्याच महिन्यात एखादं गाणं, एखादं नाटक, काहीतरी चालू पाहिजे. आमच्या पोरीला गणपतीत भजन मंडळात उभं केलं, तिथं तिचा आवाज परत मोकळा झाला.

पोर बोलणंच बंद करत असेल, जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, जगून काय करू असलं काही बोलत असेल तर लगेच १४४१६ ला फोन करा. टेली मानस म्हणून सरकारी लाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आईबापानं स्वतःसाठी केला तरी चालते, त्यात लाज नाही.

८. आपल्या दोघांचं

आमचे हे काही बोलायचे नाहीत, संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे अन् वाजवायचेही नाहीत. मला वाटायचं यांना काही पडलेलंच नाही, त्यावरून भांडणं झाली, पोरगी आतल्या खोलीत ऐकत होती. नंतर कळलं की लहानपणी त्यांनाही गायचं होतं अन् त्यांच्या बापानं पेटी विकली होती. हे त्यांनी मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर सांगितलं. नवरा-बायकोनं हे आधी बोलून घ्या, पोर घरात नसताना, दोघांना नेमकी कशाची भीती आहे ते. पैशाची असते, लोकांची असते, पोरगी दूर जाण्याची असते, अन् कधी आपलंच जुनं काही राहिलेलं असते.

९. नंबर लागला तर

फी कधी भरायची त्याची मुदत फार कमी असते, चार-पाच दिवस, तेव्हा पैसे बँकेत ठेवा, मुदत ठेवीत अडकवू नका. मूळ टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच काढून ठेवा, दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन मागतात. होस्टेलचा फॉर्म ॲडमिशनच्याच दिवशी भरा. सोबत गादी, कुकर, पहिल्या महिन्याचे तांदूळ द्या.

परत येताना डोंगरगडच्या स्टेशनवर मी रडले, ते होणारच, तेवढं पोरासमोर नाही. घरी आल्यावर महिनाभर संध्याकाळी सात वाजता माझे कान तिच्या रियाजाकडे लागायचे. फोन रोज करावा वाटते, करू नका, दिवस ठरवा. आमचा रविवार ठरला होता. तिसऱ्या रविवारी तिनं फोन केला, जेवली का विचारायच्या आधीच म्हणाली, "आई, थांब, एक नवी बंदिश शिकली," अन् फोन तसाच धरून गायला लागली. ह्यांनी पेटी ओढली अन् तिचा सा शोधला.